लांबच्या सायकल प्रवासात गुडघे दुखू लागले तर : नवख्यांसाठी मार्गदर्शन

गावातून शेतावर किंवा तालुक्याच्या शाळेत रोज पाच-सहा किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाचे गुडघे सहसा कुरकुरत नाहीत. तोच माणूस एखाद्या रविवारी वर्ध्याहून नागपूरला, अमरावतीहून परतवाड्याला किंवा दर्शनासाठी शेगावला सायकलने निघतो, आणि तीस-चाळीस किलोमीटर गेल्यावर वाटीखाली ठणका सुरू होतो. ‘टोंगळे धरले’ असे म्हणून तो घरी आल्यावर तेल चोळतो, मेडिकलमधून गुडघ्याचा पट्टा आणतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच होते. याचे कारण असे की दुखणे गुडघ्यात असले तरी बिघाड बहुतेक वेळा तिथे नसतो. सायकलवर खुबा सीटवर टेकलेला असतो आणि पाऊल पायडलवर. या दोन टोकांपैकी एक जरी चुकीच्या जागी असले, तरी त्याची भरपाई मधल्या सांध्याला करावी लागते. म्हणून पट्टा विकत घेण्याआधी हातात पाना घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही भरपाई किती वेळा करावी लागते याचा एकदा हिशेब करून पाहावा. पुढच्या चकतीला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असलेली २८ इंची काळी सायकल पायडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे ६० किलोमीटरच्या प्रवासात, उतारावर पाय थांबवण्याचा वेळ सोडला, तर प्रत्येक गुडघा सुमारे अकरा हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. पाच किलोमीटरमध्ये खपून जाणारी बारीकशी चूक अकरा हजार फेऱ्यांत खपत नाही.

दुखण्याची जागा आधी ओळखावी

गुडघा दुखतो एवढे सांगून काही उलगडत नाही. तो कुठे दुखतो हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. वाटीच्या समोर, वाटीच्या मागच्या बाजूला किंवा वाटीखालच्या जाड शिरेवर दुखत असेल, आणि जिना उतरताना किंवा उकिडवे बसून उठताना कळ येत असेल, तर सीट फार खाली आहे, फार पुढे आहे, किंवा पायडलवर गरजेपेक्षा जास्त जोर दिला जात आहे, असे समजून शोध सुरू करावा. नवख्यांमध्ये सर्वाधिक आढळणारे दुखणे हेच आहे. गुडघ्याच्या मागे, लवणीत ताण येत असेल तर सीट बहुधा फार वर किंवा फार मागे असते, कारण पायडल खाली जाताना मांडीमागच्या शिरा प्रत्येक फेरीला ओढल्या जातात. बाहेरच्या कडेला दुखत असेल तर मांडीच्या बाहेरून खुब्यापासून नडगीपर्यंत उतरणारा पट्टा चिडलेला असण्याची शक्यता असते. त्यामागे उंच सीट किंवा आत वळलेली पावले हे कारण असू शकते. आतल्या कडेचे दुखणे पुष्कळदा पावले बाहेर फाकवून किंवा गुडघे बाजूला काढून पायडल मारण्यातून येते.

दोन्हींपैकी एकच गुडघा दुखत असेल तर मात्र आपल्या सवयीइतकाच सायकलवरही संशय घ्यावा. त्याविषयी पुढे सविस्तर येईल. किती किलोमीटरनंतर दुखू लागले, चढावर की सपाटीवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसे वाटले, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या तर पुढचे बदल अंदाजाने करावे लागत नाहीत. आणि एका वेळी एकच बदल करावा. सीट, पायताण आणि फ्रीव्हील एकाच दिवशी बदलले तर गुण कशाचा आला हे कळायला मार्ग उरत नाही.

सीटची उंची

खेड्यातल्या सायकलींची सीट बहुधा इतकी खाली असते की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात. दुकानातून ती तशीच बसवून मिळते. घरात बाप-लेक एकच सायकल वापरत असतील तर लहानाच्या मापावर राहते. आणि एक-दोन पावसाळ्यांत सीटचा नट गंजून जागच्या जागी पक्का होतो. गुरांच्या कळपातून किंवा बाजाराच्या गर्दीतून जाताना पाय टेकता येणे सोयीचे असते हे खरे, पण सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार वाकतो, आणि वाकलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. चाळीस किलोमीटर हे चालू राहिले की दुखणे अटळ होते.

उंची ठरवण्यासाठी सायकल घराच्या भिंतीशेजारी उभी करावी, ज्या पायताणात प्रवास करायचा तेच घालावे, आणि एक हात भिंतीला टेकवून सीटवर नीट मध्यभागी बसावे. आता एक पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. टाच ठेवलेल्या स्थितीत गुडघा सरळ झाला पाहिजे आणि त्यासाठी कंबर एका बाजूला कलवावी लागू नये. त्यानंतर टाचेऐवजी बोटांमागचा रुंद चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. हा बाक साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा. तो मोजायला यंत्र लागत नाही, पण दुसरा माणूस जरूर लागतो: त्याला मागे उभे करून उलटे पायडल फिरवावे आणि कंबर डावी-उजवीकडे डोलते का ते पाहायला सांगावे. डोलत असेल तर सीट उंच झाली आहे. ती पाच मिलिमीटर उतरवून पुन्हा पाहावे.

मापाची पद्धतही आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मांड्यांमध्ये वर टेकेपर्यंत धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्या अंतराला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या (ज्याच्या टोकाला पायडल असते त्या लोखंडी हाताच्या) एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ७८ सेंटिमीटर मापाच्या माणसाला ती सुमारे ६९ सेंटिमीटर येते. मात्र हा आकडा गिअरच्या, कडक सीटच्या सायकलींना अधिक लागू पडतो. स्प्रिंगची रुंद सीट बसल्यावर दबते, त्यामुळे काळ्या सायकलसाठी टाचेचीच पद्धत जास्त भरवशाची आहे.

नट गंजलेला असेल तर त्याच्यावर घण घालू नये. सीटचा पाइप फ्रेममध्ये शिरतो त्या सांध्यावर आणि नटावर रॉकेल किंवा पातळ तेल सोडून रात्रभर राहू द्यावे, सकाळी नट सैल करावा आणि सीट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे पिळत वर ओढावी. पाइप बाहेर आल्यावर तो पुसून, त्याला थोडे ग्रीस लावूनच परत घालावा. पाइपवर कमाल उंचीची खूण असते, ती दिसेल इतका पाइप कधीही वर काढू नये. खूण नसेल तर निदान सात-आठ सेंटिमीटर पाइप फ्रेमच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात तो वाकतो किंवा मोडतो. योग्य उंची सापडली की तिथे रंगाचा ठिपका द्यावा. घरात दुसऱ्या कोणी सीट खाली-वर केली तरी आपली जागा शोधावी लागत नाही.

सीट पाच सेंटिमीटर खाली असल्याचे आढळले तरी ती एका दिवसात तेवढी चढवू नये. एकेक सेंटिमीटर वाढवावे, मधे चार-सहा दिवस नेहमीची ये-जा करावी, म्हणजे मांडीमागच्या शिरांना सवय होते. उंच सीटवरून थांबताना पाय टेकत नाहीत म्हणून नवखा घाबरतो; त्याने थांबण्याआधी सीटवरून पुढे सरकून एक पाय जमिनीवर घेण्याचा सराव शाळेच्या मैदानावर करावा. दोन संध्याकाळी पुरतात.

सीटचे पुढे-मागे सरकणे आणि पावलांची जागा

यासाठी गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. तो नसेल तर दोरीला नट बांधला तरी चालतो. सीटवर बसून दोन्ही क्रँक जमिनीला समांतर आणावेत आणि पुढच्या पायाच्या वाटीच्या खालच्या कडेपासून ओळंबा सोडावा. दोरी साधारण पायडलच्या मधल्या दांड्यावरून गेली तर सीट ठीक आहे. ती बरीच पुढे पडत असेल आणि वाटीसमोर दुखत असेल, तर सीट थोडी मागे सरकवावी. काळ्या सायकलीचा सीटचा पाइप मुळातच मागे झुकलेला असतो, त्यामुळे तिच्यावर दोरी दांड्याच्या थोडी मागे पडते. त्याची चिंता करू नये. सीट पुढे-मागे केली की उंचीही किंचित बदलते, म्हणून टाचेची परीक्षा पुन्हा घ्यावी.

पावलाच्या बाबतीत आपल्याकडची सवय म्हणजे चप्पल घालून तळव्याच्या मधल्या खोलगट भागाने पायडल मारणे. पायडलच्या दांड्यावर चवडा असावा आणि पाऊल जसे चालताना पडते तसेच, ना आत ना बाहेर, सरळ राहावे. मऊ रबरी चप्पल पायडलवर वाकते आणि घसरते, मग पाऊल सावरण्यासाठी गुडघा आत-बाहेर हलत राहतो. कडक तळाचे साधे कॅनव्हासचे बूट पुरेसे आहेत. बुटाला पायडलशी जखडणारे क्लीट नवख्याने पहिल्या वर्षी वापरू नयेत, कारण त्यांचा कोन चुकला तर गुडघ्याला सुटकेची जागाच राहत नाही.

सायकलमधले छुपे दोष

एकच गुडघा दुखतो तेव्हा त्या बाजूचे पायडल हाताने सावकाश फिरवून बघावे. दांडा वाकला असेल तर पायडल फिरताना वर-खाली लचकते आणि तेवढ्याच वेळा पाऊल तिरके होते. त्यानंतर कॉटर तपासावा. लोखंडी क्रँक एक्सलवर ज्या पाचरीसारख्या खिळीने बसवलेला असतो, तो कॉटर झिजला की जोर देण्याच्या क्षणी पायडल बोटभर रिकामे सटकते आणि मग धक्क्याने अडते. हा धक्का सरळ गुडघ्यात जातो, आणि सवयीमुळे तो चालवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. परीक्षा सोपी आहे: एक क्रँक हाताने घट्ट धरून दुसरा पुढे-मागे हलवावा; हलला, किंवा दोन्ही क्रँक एका रेषेत दिसले नाहीत, तर कॉटर बदलून घ्यावा. हे काम गावातला कोणताही सायकलवाला करून देतो आणि त्याला फार खर्च येत नाही.

टायरमध्ये हवा कमी असणे, ब्रेकचे रबर रिमला घासणे आणि चेन कोरडी असणे या तिन्ही गोष्टी पायांवरचा भार गुपचूप वाढवतात. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. तो पाहून हवा भरावी.

जोर कमी, फेऱ्या जास्त

गिअरची सायकल घेतलेला नवखा हमखास जड गिअरमध्ये चालवतो, कारण पायाला दणकट वाटते आणि वेग मिळाल्यासारखा भासतो. गुडघ्याचा विचार केला तर हे उलटे आहे. मिनिटाला ५० फेऱ्या जोराने मारण्यापेक्षा ८० फेऱ्या हलक्या पायाने मारल्या तर तेवढेच अंतर तेवढ्याच वेळात कापले जाते आणि प्रत्येक फेरीला सांध्यावर येणारा दाब कमी होतो. १५ सेकंदांत एका पायाच्या फेऱ्या मोजून चारने गुणावे. २० मोजल्या तर गती ८० झाली. सुरुवातीला ७० जमले तरी चांगले आहे. शरीर सीटवर उडू लागले तर गिअर फार हलका झाला असे समजावे.

एकाच गिअरच्या सायकलवर हा मार्ग बंद वाटतो, पण मागचे फ्रीव्हील बदलता येते. १८ दात्यांच्या जागी २० दात्यांचे बसवले तर प्रत्येक फेरीचा जोर सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, आणि त्या प्रमाणात सपाटीवरचा वेगही. मागचे चाक थोडे पुढे घेऊन किंवा चेनला जोड देऊन ते बसते. कॅरियरवर दुधाचे कॅन किंवा पोते नेणाऱ्यांनी हा बदल तर अवश्य करावा.

चढाच्या बाबतीत विदर्भ फसवा आहे. बराचसा मुलूख सपाट असल्याने पायांना चढाची सवय नसते, आणि मग नागपूर–अमरावती रस्त्यावरचा तळेगावजवळचा घाट किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणारा रस्ता गुडघ्यांची कसोटी घेतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून उंच आहे. चढ सुरू होण्याच्या आधीच हलका गिअर टाकावा. पायडल अडल्यावर गिअर बदलण्याची झटापट करू नये. एका गिअरच्या सायकलवर असा घाट आला तर उतरून चालावे. बरोबरचे हसतील, हसू द्यावे.

अंतर वाढवण्याची रीत

सीट अगदी नेमकी असूनही ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यापैकी पुष्कळांनी अंतर एकदम वाढवलेले असते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण शिरा आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात, त्यामुळे दम टिकला म्हणून गुडघाही टिकेल असे होत नाही. आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्याला ते थोडे कमी करावे, हा रूढ नियम नवख्याला पुरेसा आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पार करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. १०० किलोमीटर दुसऱ्या दिवशी न लंगडता जमत नाही तोवर तिच्यात नाव देऊ नये.

शेतीची कामे या हिशेबात धरावीच लागतात. दिवसभर उकिडवे बसून सोयाबीनचे निंदण केलेल्या किंवा झाडीपट्टीत चिखलातून पाय उपसत धानाची रोवणी केलेल्या माणसाच्या गुडघ्यांनी त्या दिवसाचे काम आधीच केलेले असते. त्या आठवड्यांत लांबचा प्रवास ठेवू नये. एरवीही लांबच्या फेरीनंतर एक-दोन दिवस उकिडवे बसण्याचे काम टाळावे.

निघण्याचा दिवस आणि वाटेतले दुखणे

डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघताना गुडघे झाकलेले असावेत, पूर्ण लांबीची पॅन्ट घालावी, आणि पहिली पंधरा-वीस मिनिटे अगदी हलक्या पायाने चालवावे. मार्चपासून प्रश्न उलटा होतो: उजाडण्यापूर्वी निघून ऊन तापायच्या आत मुक्कामी पोहोचावे, कारण पाणी कमी पडलेला, थकलेला माणूस सीटवर वाकडा बसतो आणि गुडघे बाहेर फेकत पायडल मारतो. पाण्यात मीठ, साखर आणि लिंबू घालून ते थोडे थोडे पीत राहावे. काळ्या मातीच्या पांदणीत पाऊस झाल्यावर चाक आणि मडगार्डमध्ये चिखल अडकतो. तेव्हा जोर लावून रेटण्यापेक्षा सायकल ढकलत न्यावी.

वाटेत दुखू लागले तर आधी थांबून सीटवरचा रंगाचा ठिपका पाहावा, कारण खडबडीत रस्त्यावर नट सैल होऊन सीट हळूहळू खाली सरकते आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. सीट जागेवर असेल तर दहा मिनिटे सावलीत सावकाश चालावे. उकिडवे बसू नये. मांडीचा थकवा विसाव्याने उतरतो. सांध्यातले, एका बिंदूवर टोचणारे दुखणे हलक्या पायानेही वाढत गेले, तर प्रवास तिथेच थांबवून सायकल एखाद्या टेम्पोत टाकावी. वेदनाशामक गोळी घेऊन पुढे जाणे सर्वांत वाईट, कारण गोळीने इशारा बंद होतो, इजा चालूच राहते.

घरी आल्यावर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे दुखऱ्या जागी धरावा. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्यात भिजवलेला पंचा चालतो. सुजलेल्या गुडघ्याला रगडून मालिश करू नये. बिब्ब्याचे तेल तर मुळीच लावू नये. त्याने कातडीवर फोड येतात आणि मूळ दुखणे जिथल्या तिथे राहते.

दुखणे उतरल्यावर मांडी आणि खुब्याचे स्नायू बळकट करावेत, कारण खुबा कमजोर असला की जोर देताना गुडघा आत झुकतो. उताणे झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे, गुडघे वाकवून पाठीवर पडून कंबर वर उचलणे, आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, हे तीन व्यायाम प्रत्येकी दहा वेळा, तीन फेऱ्यांत, दिवसाआड करावेत. कोणत्याही व्यायामात गुडघा दुखला तर तो सोडून द्यावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

गुडघा सुजला, मध्येच अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, पडल्यानंतर त्यावर भार देता येईना, सांधा लाल आणि गरम होऊन ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच दाखवावे. असे काही नसले तरी सीट दुरुस्त करून आणि दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणे कायम राहिले, किंवा रात्री झोपेतून जागे करू लागले, तर ग्रामीण रुग्णालयात जावे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे पाठवण्याविषयी विचारावे. जाताना दुखण्याच्या नोंदीची वही आणि आपण सायकल चालवत असतानाचा बाजूने व मागून काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ बरोबर न्यावा.